आबांची पट्टी आणि सूनबाईचा अंदाज

दूध उतू गेलं तेव्हा बहुतेकबाई शेगडीपासून हातभर अंतरावर उभी होती, आणि तरी ते तिला दिसलं नाही. ती खिडकीतून समोरच्या घराच्या धुराड्याकडे बघत होती. धूर सरळ वर जायच्याऐवजी छपरावरून आडवा पसरत अंगणात उतरत होता. तो आज असा का वागतोय या विचारात शेगडी, पातेलं आणि दूध ही तिन्ही तिच्या जगातून गळाली होती.

"अख्ख्या डोंगरावर काय पडणार ते हिला चार दिवस आधी कळतं," मागून नवरा म्हणाला, "आणि डोळ्यांसमोरचं पातेलं मात्र हिला रोज अचानक गाठतं."

"फडकं द्या. शेरे नंतर मारा."

"फडकं तुझ्या खांद्यावर आहे."

होतंच. तिनं गुपचूप शेगडी पुसली, उरल्या दुधात चहा बसवला. दोन खोल्यांचं बिऱ्हाड वर आणि नवऱ्याचं दुकान खाली, अशी त्यांची वस्ती. दुकानात तो स्की दुरुस्त करायचा: तळ घासायचा, मेण लावायचा, कडांना धार द्यायचा. त्या मेणाचा वास जिन्यानं वर येऊन पडद्यांत, उशांत आणि कधीकधी भातातसुद्धा मुरलेला असे. तिला आता तो येईनासा झाला होता. पाहुणे मात्र दारातच विचारायचे, "मेणबत्त्या करता का हो तुम्ही?"

चहा गाळून होतोय तोवर दार वाजलं. बेल असताना जो दार वाजवतो तो एकतर घाईत असतो, नाहीतर त्याचे हात भरलेले असतात. खेळाच्या मास्तरांचं दोन्ही होतं. दोन्ही बगलांत स्की धरून ते बुटाच्या टोकानं दार ठोकत होते.

"भाऊ, दुकान बंद दिसलं म्हणून थेट वरच आलो. वहिनी, माफ करा हं, पाय ओले आहेत."

"या, या. चहा घेणार ना?"

"नको म्हणायचं मनात होतं, पण वासानं हरलो."

कोणी काही म्हणायच्या आत मास्तरांनी स्की जेवणाच्या टेबलावर उताण्या घातल्या. नवऱ्यानं बशी बाजूला सरकवली आणि तळावरून अंगठा फिरवला. मांजरानं सोफ्याला करावं तसं कुणीतरी त्या तळाचं केलं होतं. लांबच्या लांब ओरखडे, आणि एका ठिकाणी तर टवका उडून आतलं लाकूड दिसत होतं.

"दगड," नवरा म्हणाला.

"दगडच. शाळेमागच्या उतारावरचे नाहीत, डोंगरावरचे. परवा एकटाच गेलो होतो, शनिवारी पोरं न्यायचीत म्हणून उतार बघून यावा म्हटलं." मास्तरांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि मग जरा अवघडून बहुतेकबाईकडे बघितलं. "वहिनी, रागावू नका, पण तुमचे तीस सेंटीमीटर त्या दगडांना कोणी कळवलेच नव्हते."

"मी तीस म्हटलं नव्हतं. पंचवीस ते पस्तीस म्हटलं होतं. तेही बहुतेक."

"ते सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी वरून माप आलं ते मी स्वतः वाचलं. अठ्ठावीस! म्हणजे तुमचा अंदाज बरोबर, माप बरोबर. चुकलं कोण, तर मी आणि माझ्या स्की."

नवरा हसला. ती हसली नाही.

"वाऱ्यानं उडून गेला असेल बर्फ," ती म्हणाली.

"असेल. मी काय तुमच्यासारखा शिकलेला नाही त्यातलं. मला एवढंच कळतं की माझ्या जागी एखादं पोर असतं, तर आज या टेबलावर स्कीऐवजी त्याचा गुडघा असता." मास्तरांनी हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. "निम्मी पोरं पहिल्यांदाच स्कीवर उभी राहणार आहेत, वहिनी. रात्रीची झोपत नाहीत म्हणे आनंदानं. तेव्हा शनिवारचं काय ते तुम्ही सांगा. उद्या दुपारपर्यंत बसवाल्याला कळवायचंय. या म्हणालात तर येतो, नको म्हणालात तर नाही येत. आम्ही तुमच्याच शब्दावर चालतो, दुसरं कोण आहे आम्हाला?"

ते गेल्यावर नवऱ्यानं स्की उचलल्या. "तळ भरून निघेल," तो म्हणाला. मग जिन्यात थबकून म्हणाला, "पण हा वाऱ्यानं उडालेला बर्फ नाही गं. इतके दगड वर यायचे म्हणजे तिथे पहिल्यापासूनच कमी पडलाय."

"बघते," ती म्हणाली.

*

बहुतेकबाई हे नाव तिला नणंदेनं दिलं. ही नवी नवरी, हवामानशास्त्र शिकून आलेली, तेव्हा घरच्यांनी मोठ्या कौतुकानं विचारलं की नणंदेच्या लग्नाच्या दिवशी ऊन पडेल ना? ही म्हणाली, "बहुतेक." नणंद म्हणाली, "असं नको, नक्की सांग." हिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "नक्की बहुतेक." त्या दिवशी असं ऊन पडलं की खबरदारी म्हणून आणलेल्या छत्र्या पाहुण्यांनी सावलीसाठी उघडल्या. अंदाज खरा ठरला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आता वाणीसुद्धा विचारायचा, "काय बहुतेकबाई, तांदूळ नेहमीचाच ना?" आणि ही सवयीनं बोलून जायची, "बहुतेक."

तिचं काम मात्र बहुतेकवर चालायचं नाही. बँकेच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत तिचं ऑफिस होतं. तिथून रोज संध्याकाळी आसपासच्या डोंगरांवर पुढचे चार दिवस कुठे किती बर्फ पडेल याचा अंदाज निघे. तो वाचून लांबलांबचे लोक रजा टाकत, हॉटेलात खोल्या धरत, आजीला दोन दिवस पोरांकडे बघायला बोलावून घेत. सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा: किती? तिला सांगायचं असायचं ते कसा पडणार हे. कारण ढगात पाणी तेवढंच असलं तरी थंडी कडक असली की त्याचा पिंजलेल्या कापसासारखा हलका ढीग होतो, आणि हवा दमट असली की तोच बर्फ भिजवलेल्या पिठासारखा बसतो. एकच वाटी पाणी, पण एकदा पातेलं भरतं आणि एकदा निम्मंही भरत नाही. संगणक पाण्याचा हिशेब चोख द्यायचा. त्या पाण्याचा बर्फ किती होईल आणि तो आपल्या डोंगराच्या कुठल्या कुशीत जास्त साठेल, हे माणसानं ठरवायचं. पाककृतीच्या पुस्तकात चमचाभर मीठ लिहिलेलं असतं, पण आपल्या घरच्या मिठाला किती खारटपणा आहे हे पुस्तकाला कुठे माहीत असतं?

आणि हा हात बसतो तो मापावरून. काल मी इतकं म्हटलं, प्रत्यक्षात इतकं पडलं, मग उद्या थोडं कमी-जास्त करू. खाली बसून डोंगरावरचं सांगणं म्हणजे एरवी उंटावरून शेळ्या हाकणंच. माप होतं म्हणून त्या शेळ्या कुठे चालल्यात ते कळायचं.

त्या दिवशी ती ऑफिसात पोचली तेव्हा तिच्या शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली मुलगी आधीच येऊन बसली होती. हुशार पोरगी, तोंडानं जरा तिखट. भिंतीवर साहेबांनी कौतुकानं लावलेला तक्ता होता. वेगवेगळ्या डोंगरांवरचा अंदाज निळ्या रेघेनं आणि माप लाल रेघेनं. बाकी सगळीकडे लाल आणि निळी एकमेकींपासून फटकून चालल्या होत्या, एकीनं वर जावं तर दुसरीनं खाली. बहुतेकबाईच्या सासरच्या डोंगरावर मात्र दोघी हातात हात घालून चालल्या होत्या. साहेबांनी तिच्यासाठी महिन्यापूर्वी केक आणला होता तो त्याच रेघांमुळे.

"माझ्या दोन रेघा बघा, जावा-जावांसारख्या," चष्मेवाली म्हणाली. "तुमच्या बघा, सख्ख्या बहिणी! तुमचं त्या डोंगराशी काही नातं आहे का हो?"

"आहे की. तिथलं माप आमचे आबाच घेतात. माझे सासरे."

"हां! मग सासऱ्यांचा आशीर्वादच दिसतोय."

दोघी हसल्या. बहुतेकबाईनं संगणक सुरू केला, रात्रीचे नकाशे उघडले, आणि पहिल्याच नकाशावर तिचा हात थांबला. वीस-बावीस वर्षांच्या कामात तिचा अंदाज इतका खरा कधीच आला नव्हता. कुणाचाच येत नसतो. डोंगर म्हणजे काही गृहपाठ न चुकवणारा विद्यार्थी नव्हे. आणि वर्गातल्या एकाच पोराची सगळी उत्तरं शिक्षकाच्या उत्तरांशी तंतोतंत जुळायला लागली, तर शिक्षकानं केक खायचा नसतो, पोराच्या शेजारी कोण बसतंय ते बघायचं असतं.

तिनं त्या रात्रीचा अंदाज लिहिला. संगणक पंधराच्या आसपास सांगत होता. यंदाच्या हिवाळ्यात बसलेल्या हाताप्रमाणे तिनं त्यात वाढवून 'वीस ते तीस' केलं, आज दुपारीच पाठवून दिलं, आणि साहेबांना म्हणाली, "मी वर जाऊन येते. उद्या दुपारपर्यंत परत येईन."

"काही अडचण?"

"बहुतेक."

*

आबांनी उमेदीची सगळी वर्षं डोंगरावरच्या रोपवेच्या खुर्च्या चालवण्यात घालवली होती. खुर्ची आली की थांबवायची, माणूस बसला की पट्टा अडकवायचा, पाठीवर हलकी थाप मारायची आणि सोडून द्यायचं. हजारो पाठींवर थाप मारलेला माणूस. निवृत्त झाल्यावर मुलानं खाली बोलावलं, तर म्हणाले, "खाली येऊन काय करू? तिथे कोण कुठे चाललंय हेच कळत नाही." सासूबाई गेल्यानंतर ते फार गप्प झाले होते. तेव्हा बहुतेकबाईनंच त्यांना ते काम मिळवून दिलं. अंगणात एक पांढरी रंगवलेली फळी ठेवायची, रोज सकाळी तिच्यावर साठलेल्या बर्फात पट्टी उभी रोवायची, आकडा फोनवर कळवायचा आणि फळी पुसून कोरी करायची. तेवढ्या एका कामानं आबा पुन्हा वेळेवर उठायला, दाढी करायला आणि लोकांशी बोलायला लागले होते.

"अगं, तू? अशी अचानक?" दारात तिला बघून ते म्हणाले. "भांडलीस की काय त्याच्याशी?"

"नाही हो. आले सहज."

"सहज कोणी खुर्चीत लटकत वर येत नाही. भांडलीच असशील. चूक त्याचीच असणार, लहानपणापासून हट्टी आहे. ये, बटाटे उकडलेत."

ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी ती संध्याकाळभर बसून राहिली. विचारायचं एकच होतं, पण आबा बोलायलाच देईनात. रोपवेच्या खालच्या टपरीवर येणारे स्कीवाले आता त्यांना ओळखतात म्हणे. "मी त्यांना सांगतो, माझी सून सांगते तेवढाच बर्फ पडतो. एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. परवा एकजण म्हणाला, आजोबा, असं कसं होईल? मी म्हटलं, अरे बाबा, मी स्वतः मोजतो! माझ्यावर तरी विश्वास आहे ना?"

त्यांच्या चेहऱ्यावरचं ते ऊन बघून तिनं दुसरा बटाटा सोलायला घेतला. बाहेर बर्फ पडायला लागला होता. वारं होतं, पण अंगावर येणारं नव्हतं.

सकाळी तिला जाग आली ती आबांच्या खोकल्यानं. ती स्वयंपाकघरात जाऊन चहाचं पाणी ठेवणार, तेवढ्यात तिला आबा बाहेरच्या खोलीत दिसले. टोपी, मफलर, बूट अशी जय्यत तयारी करून ते बाहेर निघाले होते, पण दाराशी थांबले. खिशातून फोन काढला. नाकावर चष्मा चढवला. ओठ हलवत, बोटानं एकेक ओळ धरत त्यांनी काहीतरी वाचलं, मान डोलावली, आणि मग पट्टी घेऊन बाहेर पडले.

ती खिडकीशी उभी राहिली.

आबा आधी फळीशी गेले. वाकून त्यांनी पट्टी रोवली, चष्म्यातून बघितलं, चष्म्यावरून बघितलं, आणि नाराजीनं मान हलवली. मग ते कुंपणाशी गेले. तिथेही पट्टी रोवली, तिथेही मान हलवली. मग सरपणाच्या ढिगापाशी. मग भाजी निवडणाऱ्या बाईनं टोपलीतली एकेक गवार हातात घेऊन ठेवावी तसे ते अंगणभर हिंडले, आणि शेवटी घराच्या भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे वारं बर्फ ढकलून ढकलून आणून टाकतं, तिथे वाकले. या वेळी त्यांची पाठसुद्धा समाधानी दिसली. त्यांनी फोन कानाला लावला, आणि स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलेला तिचा फोन वाजला.

"सूनबाई, चोवीस."

"आबा, मी इथेच आहे. खिडकीत."

आबांनी वळून तिच्याकडे बघितलं, हात हलवला, आणि फोनवरच म्हणाले, "माहितेय की. पण माप फोनवर द्यायचं असतं."

ती सासूबाईंचे जुने बूट पायांत घालून बाहेर आली. तिनं आबांच्या हातातली पट्टी घेतली आणि फळीवर रोवली. पंधरा. कुंपणाशी चौदा. सरपणापाशी सोळा. संगणकानं सांगितलं होतं तेवढंच, तिनं हात लावण्याआधी.

"आबा, फळीवर पंधरा आहेत."

"हो, बघितले मी."

"मग चोवीस का सांगितले?"

"मग फळी चुकली असणार."

"फळी कशी चुकेल? लाकूड आहे ते."

"लाकडालाही वारं लागतं. तूच सांगितलंस ना, वारं असलं की चार ठिकाणी मोजा?"

"चार ठिकाणी मोजून त्यांची सरासरी काढा म्हटलं होतं, आबा. माझा आकडा कुठे सापडतो ते शोधा म्हटलं नव्हतं."

"हे बघ, मी खोटं एक बोटभरही सांगितलेलं नाही," आबा जरा ताठ झाले. "ही बघ पट्टी, हा बघ कोपरा. चोवीस आहेत की नाहीत? आणि जास्तच शोधतो असंही समजू नकोस. मागे एकदा तू दहा म्हणालीस, आणि फळीवर बघतो तर अठरा! त्या दिवशी पार त्या झाडाखाली गुडघ्यांवर रांगत जाऊन दहा शोधून काढले. दिवसभर गुडघे शेकत होतो."

तिला हसूही आलं आणि दुसरंही काही आलं. ती पायरीवर बसली. आबाही शेजारी बसले.

"पण का, आबा?"

आबा हातमोज्यावरचा बर्फ झटकत राहिले. झटकून संपला तरी झटकत राहिले.

"सुरुवातीला फळीवरचंच सांगायचो मी," ते म्हणाले. "आकडा तुझ्या आकड्याला धरून असला की तू म्हणायचीस, 'बरं आबा, चहा घ्या आता.' धरून नसला की म्हणायचीस, 'आबा, पुन्हा एकदा मोजता का? बहुतेक पट्टी तिरकी लागली असेल.' मी आपला पुन्हा बूट घालायचो. मग मी विचार केला, ही काही दुष्ट नाही. म्हाताऱ्याला थंडीत दोनदा बाहेर पाठवायला हिलाही बरं वाटत नसेल. तरी पाठवते, म्हणजे माझंच चुकत असणार. तुझ्याकडे ते आकाशातले डोळे, एवढाली यंत्रं. माझ्याकडे काय, तर पट्टी. तेव्हापासून मी आधी तुझा अंदाज वाचतो आणि मग बाहेर पडतो. पहिल्याच फेरीत बरोबर येतं. तुलाही पुन्हा फोन करावा लागत नाही."

बहुतेकबाईला ते सगळे फोन आठवले. तिनं कधी आवाज चढवला नव्हता. उलट किती गोडीनं विचारायची ती! पण आकडा जुळला असताना, पट्टी त्या दिवशीही तिरकी असू शकेल, असं तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. जुळलं की बरोबर, न जुळलं की आबांची पट्टी. शिकवलं तिनंच, आबा फक्त चांगले विद्यार्थी निघाले.

आणि पुढचं तर आणखीच. हिवाळ्याच्या तोंडाशी तिनं आपल्या मनानं अंदाज थोडा चढा धरला होता. आबांच्या मापानं त्याची री ओढली. ते बघून तिला वाटलं, डोंगर यंदा जास्तच देतोय, म्हणून तिनं आणखी चढवला. आबांनी आणखी वरचा कोपरा शोधला. अनोळखी गावात दोघांनी एकमेकांचा हात धरून चालावं, आणि प्रत्येकाला वाटावं की रस्ता दुसऱ्याला माहीत आहे, तसं त्यांचं झालं होतं. आणि मागून मास्तरांची पोरं येत होती, बस करून.

तिनं तिथेच पायरीवर बसून मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, शनिवारी पोरांना आणू नका."

"अरेच्चा! बर्फ कमी पडणार का?"

"पडायचा तेवढा पडेल. पण आधीचा जेवढा साठलाय असं मी सांगत होते तेवढा नाहीच. माझे यंदाचे आकडे फुगलेले आहेत. दगड झाकायला अजून दोनदा चांगला बर्फ पडायला हवा. तोवर नको."

"वहिनी, पोरं मला खातील हो."

"खाऊ देत. त्यांचे अजून दुधाचेच दात आहेत."

मास्तर हसले. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. तुम्ही 'या' म्हणाला असतात ना, तर मी आलोच असतो."

हेच तर तिला रात्रभर टोचत होतं. पुढचा फोन तिनं साहेबांना केला. या डोंगराचे गेल्या काही आठवड्यांचे आकडे धरू नयेत, प्रत्यक्षात बर्फ पुष्कळ कमी आहे, खालच्या उतारांवर दगड उघडे आहेत, असं आजच्या आज पानावर सगळ्यांत वर टाका, म्हणून सांगितलं. साहेबांनी विचारलं, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "म्हणतील, बाईचं चुकलं. खरंच चुकलंय." मग तिनं विचारलं, "आणि साहेब, तो भिंतीवरचा तक्ता आहे ना? माझ्या रेघा उतरवून ठेवा."

आबा हे सगळं ऐकत होते. ऐकू कमी येतं असं ते सांगत, पण ते सोयीनं.

"माझं नाव नाही घेतलंस," ते म्हणाले.

"तुमचं नाव कशाला? तुम्हाला मोजायला मीच शिकवलं."

आबा उठले. पांढऱ्या फळीशी गेले. तिच्यावरचा बर्फ त्यांनी हातानं पुसला, कडा पुसल्या, खालून हात घालून ती सपाट बसलीय ना ते बघितलं. कोरी फळी बर्फात इतकी मिसळून गेली की लांबून दिसेनाशी झाली. पाठमोरेच ते म्हणाले, "यंत्र मिळतं म्हणे हल्ली. आपोआप मोजतं. खांबावर लावलं की झालं, त्याला सासरा-सून कळत नाही. तुमच्या साहेबांना म्हणावं, लावायचं तर लावा. माझं काही म्हणणं नाही."

त्यांचं म्हणणं त्यांच्या पाठीवर स्पष्ट दिसत होतं. सकाळची दाढी, टोपी, मफलर, टपरीवरच्या लोकांना सांगायचा आकडा, सगळं त्या पाठीवर होतं.

"यंत्राचं काय आहे, आबा," ती उठून त्यांच्याजवळ गेली, "ते एकदा बसवलं की कुणी त्याला विचारत नाही. थिजलं तरी कुणाला कळत नाही, कोळ्यानं त्याच्या डोळ्यासमोर जाळं विणलं तरी ते आकडा देतच राहतं. मला माणूसच हवाय. फक्त माझ्याशी न जुळणारा हवाय."

"म्हणजे भांडखोर?"

"म्हणजे फळीवर जे दिसेल ते तोंडावर सांगणारा."

"सांगितलं तर तू पुन्हा बाहेर पाठवशील."

"पाठवणार नाही. शब्द देते."

"नक्की?"

"नक्की," ती म्हणाली.

आबांनी पट्टी तिच्या हातातून घेतली, मफलरला पुसून कोरडी केली आणि खिशात घातली. "मग सांग, काय करू? हल्ली एका दमात फार लक्षात राहत नाही माझ्या."

"फार काही नाही, आबा. एकच करा. सकाळी उठलात की आधी बाहेर जाऊन फळीवरचं माप घ्या, मला सांगा, आणि मगच माझा अंदाज वाचा."